कोकणात स्वादुपिंडाच्या चाचणीचं जेवण कसं बसवावं: नाचणी, नारळ आणि मोजलेलं तूप

प्रश्न असा आहे. सिंधुदुर्गातल्या एका लहान रुग्णालयात आहार विभाग सांभाळणाऱ्या ताईंना, स्वादुपिंडाची पचनशक्ती कमी झाली आहे का हे तपासण्यासाठी एक ठरावीक जेवण बसवायचं आहे. पुस्तकांत टोस्ट, लोणी, मक्याचं तेल असं लिहिलेलं आहे. समोरचा रुग्ण मात्र उकड्या तांदळाची पेज, नाचणीची भाकरी, नारळाचं वाटण आणि मासे खाणारा. त्या विचारतात, ‘आपलंच जेवण मोजून दिलं तर चालणार नाही का?’

विष्ठेतल्या चरबीच्या चाचणीसाठी आपलंच जेवण चालतं. उलट तेच द्यावं, म्हणजे रुग्ण ते पाच दिवस नीट खाईल. फक्त त्यातून नारळ काढायचा आणि तेल-तूप वजन करून द्यायचं. कार्बन-१३च्या (कार्बनच्या किंचित जड प्रकाराच्या) श्वास चाचणीसाठी मात्र नाचणी, ऊस, मका, ज्वारी, बाजरी यांतलं काहीही ताटात येता कामा नये, साखरेचा चहासुद्धा नाही. त्यामुळे या दोन चाचण्यांना एकच जेवण लावायचा विचार सोडून द्या. दोघींना जेवणाकडून हवं असतं ते वेगवेगळं आहे.

त्याआधी एक गोष्ट. जेवण देऊन करायची चाचणी सगळ्यांना लागत नाही. पहिली पायरी विष्ठेतलं इलास्टेज, म्हणजे स्वादुपिंडाचं एक एन्झाइम, मोजण्याची. वाटाण्याएवढा नमुना पुरतो, आहाराची कसलीही अट नाही, आणि रुग्ण पाचक एन्झाइमच्या कॅप्सूल घेत असला तरी त्या थांबवाव्या लागत नाहीत, कारण कॅप्सूलमधलं एन्झाइम डुकराचं असतं आणि चाचणी माणसाचंच इलास्टेज ओळखते. दर ग्रॅममागे २०० मायक्रोग्रॅमच्या वर असेल तर सहसा ठीक, १०० च्या खाली असेल तर स्वादुपिंड बरंच कमी काम करतं आहे. नमुना बांधलेल्या शौचाचा हवा. पाण्यासारख्या जुलाबात इलास्टेज पातळ होतं आणि आकडा खोटाच खाली येतो. मोजलेल्या जेवणाची गरज पडते ती तीन प्रसंगी: इलास्टेज १०० ते २०० च्या मध्ये अडकलं असेल, जठराची किंवा स्वादुपिंडाची शस्त्रक्रिया झालेली असेल (तिथे रस पुरेसा असूनही तो अन्नाला वेळेवर भेटत नाही), किंवा कॅप्सूल सुरू केल्यावर त्या खरंच काम करतात का हे पाहायचं असेल.

जेवणाला एवढं महत्त्व का, ते आधी समजून घ्या. आतड्यात मेद आणि प्रथिनं पोचली की आतड्याच्या भिंतीतून सीसीके हे संप्रेरक सुटतं, जठरातलं आम्ल पोचलं की सिक्रेटिन सुटतं, आणि या दोघांच्या सांगण्यावरून स्वादुपिंड रस सोडतं. म्हणजे जेवण हीच चाचणीतली कळ. कळ अर्धवट दाबली तर निरोगी माणसाचाही रस कमी दिसेल. दुसरी बाजू अशी की स्वादुपिंडाची राखीव ताकद फार मोठी आहे. लायपेजचं (मेद तोडणाऱ्या एन्झाइमचं) स्रवण नेहमीच्या दहा टक्क्यांच्या खाली जाईपर्यंत शौचात चरबी दिसू लागत नाही, हे १९७३ सालीच दाखवून झालं आहे. कमी मेदाच्या हलक्या जेवणावर दुबळं स्वादुपिंडही निभावून नेतं आणि चाचणी नॉर्मल येते. आपल्याकडे तर हा घोटाळा हमखास होतो, कारण पोटदुखीच्या रुग्णाला ‘तेलकट बंद’ असं सगळ्यांनीच सांगितलेलं असतं, आणि तो दिवसाला जेमतेम ३० ग्रॅम मेद खात असतो.

जेवण ठरवून देण्याची रीत रुळली ती स्वीडनमधल्या लुंड यांच्या १९६२ च्या चाचणीमुळे. त्यांचं पेय ३०० मिलीचं: मक्याचं तेल १८ ग्रॅम, दुधातलं प्रथिन १५ ग्रॅम, ग्लुकोज ४० ग्रॅम, वर पाणी आणि चवीला थोडासा स्वाद. नळी आतड्याच्या पहिल्या भागात ठेवायची, दोन तास रस गोळा करायचा आणि त्यातलं ट्रिप्सिन (प्रथिनं तोडणारं एन्झाइम) मोजायचं. नळीची ती चाचणी आता क्वचितच होते, पण त्या पेयाची कृती पुस्तकांतून अजून फिरत असते आणि अनेक ठिकाणी जशीच्या तशी उचलली जाते. आपल्याकडे तिच्यात दोन अडचणी येतात. नुसतं प्रथिन मिळत नाही म्हणून दुधाची पावडर घातली जाते, आणि मोठेपणी दूध न पचणाऱ्या रुग्णाला त्यातल्या लॅक्टोजने जुलाब होतात. दुसरी अडचण अशी की मक्याचं तेल आणि मक्याच्या स्टार्चपासून केलेलं ग्लुकोज श्वास चाचणीला अजिबात चालत नाहीत. त्याचं कारण पुढे येईल.

आता विष्ठेतल्या चरबीची तीन दिवसांची चाचणी. वास नकोसा, काम किचकट, पण एन्झाइमची कमतरता आकड्यात पकडायला अजून हीच आधाराची चाचणी आहे. दिवसाला १०० ग्रॅम मेदाचा आहार पाच दिवस द्यायचा, पहिले दोन दिवस आतडं त्या आहारावर स्थिरावू द्यायचं, शेवटचे तीन दिवस सगळं शौच गोळा करायचं. दिवसाला ७ ग्रॅमपर्यंत चरबी बाहेर पडली तर ठीक, म्हणजे शोषण ९३ टक्के किंवा जास्त.

हा ७ चा आकडा १०० ग्रॅमशी बांधलेला आहे, हे अहवाल वाचताना हमखास विसरलं जातं. समजा रुग्णाने घरचं कमी तेलाचं खाऊन दिवसाला ३५ ग्रॅम मेद घेतला आणि ५ ग्रॅम बाहेर पडला. ५ हा ७ पेक्षा कमी, म्हणून अहवालावर ‘नॉर्मल’ छापलं जातं. प्रत्यक्षात शोषण ८६ टक्के झालं. दुसरा रुग्ण १६० ग्रॅम खाऊन ९ ग्रॅम बाहेर टाकतो. त्याला आजारी ठरवलं जातं, पण त्याचं शोषण ९४ टक्क्यांच्या वर आहे. मग नेहमी टक्केच काढावेत आणि १०० ग्रॅमचा आग्रह सोडावा, असं वाटेल. तेही पुरत नाही. शौचातली थोडी चरबी जेवणातली नसतेच. ती पित्तातून, गळून पडणाऱ्या पेशींतून आणि जिवाणूंतून येते, आणि काहीच मेद खाल्ला नाही तरी येत राहते. खाणं कमी असेल तर हाच वाटा टक्केवारीत मोठा दिसतो आणि निरोगी माणूस आजारी ठरतो. म्हणून १०० ग्रॅमच्या आसपास राहायचं, प्रत्यक्ष किती पोटात गेलं ते मोजायचं, आणि टक्के त्या आकड्यावरून काढायचे.

प्रौढासाठी एका दिवसाचा आराखडा असा बसवा: शेंगदाण्याचं रिफाइन्ड तेल ३५ ग्रॅम, साजूक तूप ३० ग्रॅम, ६ टक्के मेदाचं फुल क्रीम दूध ३०० मिली म्हणजे १८ ग्रॅम, दोन अंड्यांतून ११ ग्रॅमच्या आसपास, आणि भात, पोळी, डाळ, भाजी यांत दडलेला मेद ५-६ ग्रॅम. बेरीज १०० च्या जवळ येते. अंडं न खाणाऱ्याला ११ ग्रॅम तेल वाढवा. दूध सोसत नसेल तर ते पूर्ण काढा आणि १८ ग्रॅम तेल वाढवा. ताकाने किंवा टोन्ड दुधाने भर काढू नका, कारण पिशवी बदलली की मेद ६ वरून ३ किंवा दीड टक्क्यावर येतो आणि ते कुणी लिहून ठेवत नाही.

तेल-तूप चमच्याने मोजू नका. १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा घ्या आणि आठवड्यातून एकदा तो माहितीच्या वजनाने तपासा. सकाळी दोन लहान स्टीलच्या डब्या भरायच्या, एकीत दिवसाचं तेल, दुसरीत दिवसाचं तूप. झाकणासकट वजन लिहायचं. त्या रुग्णाचा सगळा स्वयंपाक याच दोन डब्यांतून करायचा आणि रात्री डब्या पुन्हा तोलायच्या. फरक तेवढा वापरला गेला. ही पद्धत घरीही जमते, आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईला ग्रॅमचा हिशेब ठेवावा लागत नाही.

तरीही तेल हरवतं ते फोडणीत. पळीत तेल तापवून मोहरी, हिंग, कढीपत्ता घातला, ती डाळीवर ओतली, तरी पळीच्या काठाला आणि तळाला २-३ ग्रॅम तेल चिकटून राहतं. दिवसातून तीन फोडण्या दिल्या तर ७-८ ग्रॅम मेद रुग्णाऐवजी मोरीत जातो आणि हिशेबात मात्र ‘खाल्ला’ म्हणून लागतो. उपाय साधा आहे. फोडणी ओतल्यावर त्याच पळीत दोन घास भात घालून नीट फिरवायचा आणि तो भात रुग्णाच्याच ताटात द्यायचा. एकदा रिकामी कोरडी पळी आणि वापरलेली पळी काट्यावर ठेवून स्वयंपाकघरातल्या सगळ्यांना फरक दाखवा. नंतर सांगावं लागत नाही. तळलेलं मात्र पाचही दिवस बंद. तळताना वस्तूने किती तेल प्यायलं हे कुणालाच सांगता येत नाही.

ताटात उरलेलंही मोजायचं. रुग्ण पहिल्या दिवशी सगळं संपवतो, तिसऱ्या दिवशी तुपाचा भात बाजूला सारतो. उरलेलं एका पिशवीत गोळा करून तोला. तूप भातात कालवून दिलं असेल तर उरलेल्या भातात तुपाचा किती वाटा गेला हे अंदाजाने लिहिता येतं; तूप वेगळं वाटीत दिलं तर थेट मोजता येतं. म्हणून वाटीत द्या आणि समोर कालवायला सांगा.

आता नारळ. आपल्या जेवणातून तो काढा म्हटलं की स्वयंपाकघर नाराज होतं, पण कारणं पक्की आहेत. ओल्या खोबऱ्यात साधारण एक तृतीयांशाहून जास्त मेद असतो, आणि नारळ कोवळा की जून, वाटणाचा पहिला रस काढला की दुसरा, चोथा टाकला की नाही, यावर आमटीत किती उतरला ते ठरतं. सोलकढीचंही तेच. हे मोजण्यापलीकडचं आहे. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. खोबरेल तेलात आठ आणि दहा कार्बनच्या आखूड साखळ्यांची आम्लं साधारण १५ टक्के असतात. या साखळ्यांना स्वादुपिंडाच्या लायपेजची फारशी गरज लागत नाही. जठरातलं लायपेज त्या बऱ्यापैकी तोडतं आणि त्या थेट रक्तात शिरतात. सीसीकेही त्यांच्यामुळे जवळपास सुटत नाही. त्यासाठी बारा किंवा जास्त कार्बनची साखळी लागते. तिसरं कारण प्रयोगशाळेतलं: १९४९ पासून चालत आलेल्या व्हॅन दे कामर यांच्या टायट्रेशन पद्धतीत या आखूड साखळ्या नीट पकडल्या जात नाहीत. म्हणजे खोबऱ्यातला काही मेद आजारी स्वादुपिंडालाही पचतो, आणि जो पचत नाही त्यातला काही यंत्राला दिसत नाही. दोन्ही चुका एकाच दिशेला जातात, रुग्ण बरा दाखवण्याच्या.

तुपातही आखूड साखळ्या असतात, म्हणून आराखड्यात तेलाचा वाटा तुपापेक्षा थोडा जास्त ठेवला आहे. नुसत्या तुपावर १०० ग्रॅम भरू नका.

माशांचं म्हणाल तर बांगडा आणि तारली पाच दिवस नकोत. या दोघांच्या अंगातली चरबी ऋतूप्रमाणे कित्येक पट बदलते. विणीच्या आधीचा भरलेला बांगडा आणि नंतरचा उतरलेला बांगडा ही हिशेबाच्या दृष्टीने दोन वेगळी अन्नं आहेत. त्यातून १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा लोक सुकट-बोंबलांवर येतात, म्हणजे पावसाळ्यातला रुग्ण आणि हिवाळ्यातला रुग्ण यांची तुलनाच होत नाही. मासा द्यायचाच तर कमी चरबीचा, एकाच जातीचा, साल-काटे काढून ५० ग्रॅम, उकडून, आणि वरून मोजलेलं तेल. काजू-शेंगदाणे टाळा, न चावता गिळलेला दाणा जसाच्या तसा बाहेर येतो आणि चरबीचा आकडा वाढवतो. आंबा-फणसाच्या दिवसांत फळ एक-दोन फोडींवर ठेवा, जुलाब झाले तर चाचणी वाया जाते. जुलाब कुठल्याही कारणाने झाले तरी शौचातली चरबी दिवसाला १४ ग्रॅमपर्यंत जाऊ शकते, स्वादुपिंड ठणठणीत असतानाही. म्हणून ७ ते १४ च्या मधला आकडा आणि पातळ शौच एकत्र आले तर त्यावर स्वादुपिंडाचं निदान करू नये.

औषधांत वजन कमी करण्याचं ऑर्लिस्टॅट, एरंडेल, पॅराफिनचं रेचक आणि बेरियमचा एक्सरे यांपैकी काही नुकतंच झालं असेल तर चाचणी पुढे ढकला. इसबगोल थांबवा. एन्झाइमच्या कॅप्सूल निदानासाठी आहार सुरू होण्याच्या निदान तीन दिवस आधी थांबवतात, पण ते डॉक्टरांनी रुग्ण पाहून ठरवायचं. स्वादुपिंडाचा ताजा झटका असलेल्याला १०० ग्रॅम मेद कदापि देऊ नका. इन्शुलिन घेणाऱ्याच्या बाबतीत पाचही दिवस साखर रोज तपासा, कारण कॅप्सूल थांबल्या की अन्न कमी शोषलं जातं आणि तेवढ्याच इन्शुलिनला साखर खाली घसरू शकते.

गोळा करण्याच्या बाबतीत सगळ्यात मोठी चूक घड्याळाची. ‘सोमवारी सकाळी सातपासून गुरुवारी सकाळी सातपर्यंत’ असं सांगितलं की बद्धकोष्ठ असलेला रुग्ण तीन दिवसांत दोनदाच जातो, आणि खाल्लेलं व गोळा झालेलं यांचा मेळ बसत नाही. त्यापेक्षा रंगाची खूण वापरा: ज्या तीन दिवसांचं खाणं मोजायचं त्याच्या पहिल्या घासाबरोबर एक रंगाची कॅप्सूल (कार्माइन किंवा ब्रिलियंट ब्लू) आणि तीन दिवस संपल्यावर दुसरी. पहिला रंग दिसला की गोळा करायला सुरुवात, दुसरा दिसला की बंद; दुसऱ्या रंगाचं शौच घ्यायचं नाही. डबा रिकामा असताना तोलून त्यावर वजन लिहा. लघवी मिसळू नये, कागद टाकू नये. कमोड नसलेल्या घरी पसरट प्लास्टिकचं भांडं द्या आणि ते कसं वापरायचं हे लाज न बाळगता आधी दाखवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी एक वेळचं ‘राहून गेलं’ असं कळतं आणि सगळी मेहनत फुकट जाते. डबा थंड ठेवायचा. पावसाळ्यात आठ-आठ तास वीज जाते तिथे थर्माकोलची पेटी आणि बर्फ द्यावाच लागेल. प्रयोगशाळेने तिन्ही दिवसांचं एकत्र घुसळूनच नमुना घ्यायचा. वरचा चमचाभर घेतला तर त्या आकड्याला काही अर्थ नाही.

श्वास चाचणीचं जेवण वेगळं का, ते आता. यात रुग्णाला मिश्र ट्रायग्लिसराइड नावाचा पदार्थ २५० मिलिग्रॅम देतात. त्याच्या मधल्या साखळीत कार्बन-१३ बसवलेला असतो. स्वादुपिंडाच्या लायपेजने कडेच्या दोन साखळ्या तोडल्या तरच तो पुढे जातो, यकृतात जळतो आणि उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये दिसतो. सहा तासांत दिलेल्यापैकी किती टक्के परत आला ते मोजायचं. रुळलेलं जेवण आहे दोन स्लाइस टोस्ट आणि २० ग्रॅम लोणी, सोबत २०० मिली पाणी, आणि या जेवणावर २९ टक्क्यांची खालची सीमा वापरतात.

गोम अशी की कार्बन-१३ निसर्गातही असतो, आणि सगळ्या वनस्पतींत सारखा नसतो. तांदूळ, गहू, डाळी, शेंगदाणा, नारळ यांच्यात तो कमी. मका, ऊस, ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी आणि राजगिरा यांच्यात जास्त, कारण या दुसऱ्या गटाची हवेतला कार्बन पकडण्याची रीतच वेगळी आहे. अननसही त्यांच्याच जवळ बसतो. दोन गटांतला फरक हजारी १४, म्हणजे दर हजारामागे १४, च्या आसपास. चाचणीत दिलेल्या पदार्थामुळे श्वासात जी वाढ होते ती निरोगी माणसातही हजारी ५-६ च्या घरात. आता हिशेब करा. चहातली दोन चमचे साखर म्हणजे १० ग्रॅम, ती उसाची. त्यातली निम्मी जरी तीन तासांत जळली तरी श्वास हजारी दीडने वर सरकतो. आजारी रुग्णाचा सगळा आलेख जेवढा उंच असतो, त्याच्या तोडीची ही चूक आहे. नाचणीची एक भाकरी तर पूर्ण चाचणी गिळून टाकते. म्हणजे ज्याचं लायपेज संपलेलं आहे त्याचाही अहवाल उत्तम येईल, फक्त भाकरीमुळे.

म्हणून आधीचे तीन दिवस रुग्णाने नाचणी, ज्वारी, बाजरी, मका, गूळ, साखर, उसाचा रस, अननस टाळायचे. उपवास करणाऱ्याला मुद्दाम विचारा, कारण वरीचे तांदूळ आणि राजगिऱ्याचे लाडू याच गटातले, आणि उपवासाचं ते ‘जेवणात’ धरत नाहीत. नाचणीऐवजी तांदळाची भाकरी, घावणे, आंबोळी, पेज हे सगळं चालतं. आपल्याकडे तेवढी सोय आहे. चहा बिनसाखरेचा, आणि चाचणीच्या दिवशी तोही नाही.

ब्रेडमध्येही थोडी साखर असते, आणि मका-ज्वारीचा कडबा खाल्लेल्या जनावराच्या लोण्यातही कार्बन-१३ थोडा जास्त उतरतो. ते टाळता येत नाही, पण मोजता येतं. चाचणी बसवताना पाच-सहा निरोगी माणसांना तेच जेवण कार्बन-१३चा पदार्थ न घालता द्या आणि सहा तास त्यांच्या श्वासाचे नमुने घ्या. रेषा सपाट राहिली तर जेवण योग्य. ती वर चढत गेली तर ब्रेड बदला. ब्रेडचा किंवा लोण्याचा ब्रँड बदललात की हे पुन्हा करा. हे कोरं जेवण करायचा कंटाळा केलात तर पुढचे सगळे अहवाल संशयास्पद राहतील, म्हणून यावर माझा सर्वांत जास्त आग्रह आहे.

ब्रेडच्या जागी तांदळाची भाकरी घ्यायची असेल तर तेही करता येईल: ६० ग्रॅम पीठ, ठरलेलं पाणी, तेलाशिवाय भाजलेली. पण मग २९ टक्क्यांची सीमा तुमची राहत नाही. भाकरी जठरातून किती वेगाने पुढे सरकते हे टोस्टपेक्षा वेगळं असू शकतं आणि सहा तासांतला आकडा त्यावर फिरतो. बाहेरची सीमा तपासून स्वीकारायला निदान २० निरोगी माणसं लागतात; स्वतःची नवी सीमा बसवायला १२०. एवढी ताकद नसेल तर टोस्टच ठेवा.

लोणी २० ग्रॅम म्हणजे मेद १६ ग्रॅम, कारण बाजारातल्या टेबल बटरमध्ये ८० टक्के मेद असतो. कार्बन-१३चा पदार्थ मिलिग्रॅमच्या काट्यावर तोलून कोमट, पातळ केलेल्या लोण्यात मिसळायचा आणि दोन्ही स्लाइसवर सारखा पसरायचा. थंड लोण्यात तो गुठळी धरतो आणि एका घासात सगळा जातो. वाटी आणि सुरी ब्रेडच्या कडेने पुसून तो तुकडा रुग्णालाच खायला द्या. २५० मिलिग्रॅममधले २५ वाटीला राहिले तरी निकालात दहा टक्क्यांची घट. दहा मिनिटांत खाऊन व्हायला हवं. उलटी झाली तर चाचणी रद्द करून दुसरा दिवस द्या.

रुग्ण बारा तास उपाशी हवा. वेंगुर्ल्याहून पहाटेच्या एसटीने येऊन, चढ चढून जो दारात उभा राहतो त्याच्या श्वासाचा नमुना लगेच घेऊ नका. अर्धा तास बसवा, कारण श्रमाने कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि आपण हिशेबात तो दर तासाला शरीराच्या प्रत्येक चौरस मीटरमागे ३०० मिलिमोल इतका ठरीव धरलेला असतो. पुढचे सहा तासही बसूनच. विडी, मशेरी, तपकीर बंद. आधी दोन नमुने, मग जेवण, मग दर अर्ध्या तासाने एक. रबरी बुचाच्या नळीत नमुना घेताना स्ट्रॉ तळापर्यंत घालून सावकाश फुंकायला सांगा, नळीच्या आत वाफ धरली की फुंकत असतानाच स्ट्रॉ बाहेर काढा आणि त्याच क्षणी बूच लावा. स्ट्रॉ वरच्या वर धरली तर खोलीतली हवा मोजली जाते.

ही चाचणी साखळीच्या शेवटच्या टोकाला मोजते, त्यामुळे जठर मंद असलेला जुना मधुमेही, सीलिअॅक (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतडं बिघडण्याचा आजार), आतड्यात वाढलेले जिवाणू, पित्ताचा अडथळा, यकृताचा किंवा फुप्फुसाचा गंभीर आजार, यांतल्या कशानेही आकडा खाली येतो. जठर मंदावलेल्यांसाठी काही केंद्रं जेवणाआधी २० मिनिटं मेटोक्लोप्रमाइड हे जठर लवकर रिकामं करणारं औषध देतात. द्यायचं ठरवलंत तर सगळ्यांना द्या, नाहीतर कुणालाच नको. अर्ध्यांना देऊन एकच सीमा लावता येत नाही. आकडा कमी आला की तीच चाचणी कॅप्सूलसह पुन्हा करा, ४०,००० ते ५०,००० युनिट लायपेज, अर्धी मात्रा पहिल्या घासाला आणि अर्धी जेवणाच्या मध्यावर. आकडा ठळकपणे वर आला तर दोष स्वादुपिंडाचा होता. जागचा हलला नाही तर आधी मात्रा पुरेशी होती का आणि कॅप्सूल खरंच घेतल्या का हे तपासा, मग आतड्याकडे वळा.

अहवालावर निकालाशेजारी जेवण लिहा. विष्ठेच्या चाचणीत तीन दिवसांत प्रत्यक्ष पोटात गेलेला मेद, शौचाचं एकूण वजन, बाहेर पडलेली चरबी आणि शोषणाचे टक्के. श्वास चाचणीत ब्रेड-लोण्याचा ब्रँड, पदार्थाची मात्रा, खायला लागलेली मिनिटं, आणि आधीच्या तीन दिवसांत नाचणी, गूळ किंवा उपवासाचं काही खाल्लं का, या प्रश्नाचं उत्तर. हे शेवटचं उत्तर रुग्णाच्या घरच्यांनाही विचारून लिहा; संध्याकाळच्या चहातली साखर रुग्ण सांगत नाही, चहा करणारी सांगते.